ओळखवहीतली रिकामी ओळ

शनिवार, २२ नोव्हेंबर. दुपारी साडेतीन. बाहेरच्या गेटजवळची खोली.
हजर: महेश, गेटतर्फे. तायम्मा, आतल्या कामगारांतर्फे. मी, नोंद ठेवायला.
गेटवर हजर: गेट सार.
विषय: ओळखवहीत गेट सारांची ओळ लिहिणे.

बैठक दहा मिनिटांत संपेल असा माझा अंदाज होता. एक ओळ लिहायची, महेश आणि तायम्माने खाली सही करायची, की खिडकीबाहेर बाकावर बसलेल्या माणसाला आत घेता आलं असतं. साडेपाच वाजले तरी पान कोरंच होतं. आज रविवार आहे, घरातली सकाळची कामं उरकली आहेत, तेव्हा त्या एका ओळीसाठी जे जे आठवलं ते सगळं एकदा लिहून काढते. त्यातून ओळ सापडली तर बरंच.

आमच्या कारखान्यात काय तयार होतं ते मी लिहिणार नाही. तसा कागद मी पहिल्याच आठवड्यात सही करून दिला आहे. एवढं सांगते की आत काडेपेटी चालत नाही, मोबाईल चालत नाही, आणि नायलॉनची साडीसुद्धा चालत नाही, कारण नायलॉन अंगावर घासून वीज साठते आणि एवढीशी ठिणगी आत पुरते. म्हणून दोन गेट आहेत. बाहेरच्या गेटवर माणसाची ओळख पटवायची. मग मधलं छोटं अंगण: तिथे झडती, अंगावर सुती कोट, डोक्यावर टोपी, तोंडावर मास्क. मग आतलं गेट. एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नाही. या दोन गेटांवर गेट सारांनी एकतीस वर्षं काढली. त्यातली शेवटची नऊ मी पाहिली.

त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते कोणी घेत नसे. सगळे 'गेट सार'च म्हणायचे. घर मराठी, पण पाच-सहा पिढ्या म्हैसूरमध्ये मुरलेलं. चामराजपुरमला थोरल्या बहिणीबरोबर राहतात. लग्न केलं नाही. त्यांची मराठी ऐकताना नाशिकहून आलेल्या मला पहिले सहा महिने पायरी चुकल्यासारखं व्हायचं. वाक्य मराठीत सुरू होई आणि कन्नडमध्ये जाऊन बसे.

पहिल्या दिवशी मी त्यांच्यासमोर उभी राहिले तेव्हा माझ्या हातात प्रशासन व्यवस्थापक म्हणून नेमणुकीचं पत्र होतं आणि अंगावर, पहिला दिवस म्हणून, नवी निळी नायलॉनची साडी. त्यांनी पत्र पूर्ण वाचलं. मग साडीकडे पाहिलं.

"अजून नाही, मॅडम."

अजून नाही म्हणजे काय, असं मी जरा चढ्या आवाजातच विचारलं.

"म्हणजे साडी बदलून आलात की हो."

माझं सामान अजून खोक्यांमध्ये होतं. मी बाहेरच्या बाकावर पाऊण तास बसले. शेवटी कोटखोलीतली एक ठेंगणी बाई बाहेर आली आणि तिने तिची परतीच्या प्रवासाची सुती साडी माझ्या हातात ठेवली. ती तायम्मा. तिची साडी मला घोट्याच्या चार बोटं वर येत होती. त्या अवतारात मी पहिल्या दिवशी सगळ्या विभागप्रमुखांना भेटले. संध्याकाळी डायरीत नोंद केली: गेटवरचा माणूस बदलता येईल का, पाहणे. ती नोंद अजून आहे, आडवी रेघ मारलेली.

नंतर कळलं की 'अजून नाही' हे एकट्या माझ्यासाठी नव्हतं. गेट सार कोणालाच 'नाही' म्हणत नसत. कन्नड माणसाला 'इन्नू इल्ला', पाहुण्या इंजिनिअरला 'नॉट येट'. कार्ड विसरलेल्याला, मुदत संपलेल्या ट्रकवाल्याला, एकदा तर दारू पिऊन आलेल्या एका ठेकेदाराच्या मेव्हण्याला, तेच. नव्या गार्डने कोणाला 'जा' म्हटलं की ते त्याला बाजूला घेऊन सांगत, "नाही म्हणायला भिंत आहे की. भिंतीला पगार लागत नाही. तू गेट आहेस."

यानंतर त्यांची विजार. गेट सारांच्या विजारीला खिसे नसत. सदऱ्यालाही नाहीत. चामराजपुरमचा त्यांचा शिंपी कापड घेतानाच विचारी, तेच, बिनखिशाचं का? पेन गळ्यात दोरीला, बसचा पास कापडी पिशवीत, पिशवी बाहेरच्या गेटवरच्या खुंटीला. त्यांचा हिशोब सरळ होता: माझ्या झडतीत गार्डची दोन मिनिटं जातात, रोज चार वेळा, ती कशाला घालवायची. कारण त्यांची झडती रोज व्हायची, आणि ती सगळ्यात नव्या गार्डने घ्यायची असा त्यांचा हुकूम होता. महिन्यातून एकदा ते अंगावर काडेपेटीतली एक काडी लपवून येत. कोणत्या दिवशी ते सांगत नसत. ज्याला सापडेल त्याला समोरच्या हॉटेलात मसाला डोसा. नाही सापडली तर संध्याकाळी सगळ्यांना उभं करून ते काडी काढून दाखवत आणि डोसा एकटे खात, सावकाश, त्यांच्यासमोर. एकदा काडी डब्याच्या मुठीत निघाली, एकदा चपलेच्या अंगठ्यात, एकदा कानामागे, जिथे कोणी पाहिलंच नाही कारण ती तिथे उघडीच होती. महेशने ती कानामागची पकडली. त्याला नोकरीला लागून तेव्हा अकरा दिवस झाले होते. तो डोसा त्याला अजून आठवतो.

आणि 'ऊट आय्ता?' जेवण झालं का, हे म्हैसूरमध्ये कोणीही कोणालाही विचारतं, उत्तराची वाट न पाहता. गेट सार वाट पाहायचे. माणूस उत्तर कसं देतो हे त्यांना ऐकायचं असायचं. ज्याला ताप आहे, जो घरी भांडून आलाय, ज्याने रात्री घेतलेली उतरली नाहीये, तो या प्रश्नाचं उत्तर एक तर फार पटकन देतो किंवा फार उशिरा, असं त्यांचं म्हणणं. अशा माणसाला ते अर्धा तास बाकावर बसवत. 'अजून नाही.' त्या बाकावर निम्मा कारखाना कधी ना कधी बसून गेलाय.

मी एकदा त्यांच्या घरी गेले होते, निवृत्तीच्या कागदांवर सही घ्यायला. दार सताड उघडं. गेट सार दारातच उभे, आणि आतून त्यांची अक्का विचारत होत्या, पाय धुतलेस का, कुठून आलास, हातात काय आहे. त्यांनी तिन्ही उत्तरं दिली. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "इथं मी व्हिजिटर, मॅडम. स्वयंपाकघराचा पास एकतीस वर्षांत मिळाला नाही." अक्कांना ते ऐकू गेलं. त्या आतूनच म्हणाल्या, "इन्नू इल्ला म्हण की रे."

आता मुख्य गोष्ट, जिच्यामुळे ही वही नियमात आली.

दोन वर्षांपूर्वी मुख्य कार्यालयाने ठरवलं की कार्डाबरोबर बोटाचा ठसा लागेल. ठसा जुळला की आडवा दांडा फिरेल, नाही तर नाही. काम माझ्याकडे आलं. मी एकवीस कामांची यादी केली आणि एकेक खोडत गेले. महिनाअखेर सगळ्यांचे ठसे यंत्रात गेले, फक्त तिघींचे जाईनात. तिघी बन्नूरच्या बाजूच्या. सकाळची पहिली बस धरून येतात. त्यांत तायम्मा. लहानपणापासून या बायकांनी पाटावर उदबत्त्या वळलेल्या, कोळशाची भुकटी आणि बांबूची काडी, दिवसाला हजारोंनी. बोटांवरच्या रेषा तिथेच संपल्या होत्या. काच पुसून पाहिली, बोटं धुऊन पाहिली, खोबरेल लावून पाहिलं. यंत्र म्हणायचं, पुन्हा प्रयत्न करा.

ठेकेदार म्हणाला, मॅडम, काळजी नको, दुसऱ्या तिघी देतो. मी यादीतल्या एकोणिसाव्या कामापुढे लिहिलं: बदली कामगार, ठेकेदार पाहील. आणि खोडलं. हे मी लपवत नाही. त्या रेघेमागे अकरा वर्षं वेळेवर आलेली एक बाई आहे, जिने पहिल्या दिवशी मला स्वतःची साडी दिली होती, हे ती रेघ मारताना माझ्या डोक्यात आलं नाही. काम खोडलं की मला बरं वाटतं.

सोमवारी यंत्र सुरू झालं. तिघी आल्या. दांडा फिरला नाही. सगळ्यांना वाटलं, गेट सार काही तरी करतील. शेजारी जुनं छोटं फाटक होतं, साध्या कडीचं, आपत्कालासाठी ठेवलेलं. ती कडी उचलायची, तिघींना आत घ्यायचं, झालं. प्लँटच्या प्रमुखांनीही फोनवर तेच सुचवलं, थोडे दिवस जाऊ द्या म्हणाले. गेट सारांनी ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. मग त्या फाटकाशी उभं राहून तायम्माला म्हणाले, "इन्नू इल्ला."

त्या दिवशी कँटीनमध्ये त्यांच्याबद्दल काय काय बोललं गेलं ते लिहीत नाही. मीही त्यात होते. दुपारी जाऊन मी त्यांना स्पष्टच विचारलं, की ज्या बाईला तुम्ही अकरा वर्षं ओळखता तिला बाहेर बसवताना काहीच वाटत नाही का.

"वाटतं की. म्हणून तर." ते म्हणाले. "आज सुम्ने, उगीच, कडी काढली, उद्या कोणासाठी काढू? मी चांगला माणूस म्हणून काढली. माझ्या नंतरचा चांगला नसेल तर? त्यांना माझ्या मेहेरबानीवर आत घ्यायचं नाही, मॅडम. नियमानं घ्यायचं."

मग नियम काय, असं मी विचारलं. तो अजून नाही, असं ते म्हणाले.

तिघी घरी गेल्या नाहीत. बाकावर बसल्या. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार. ठेकेदाराने गैरहजेरी मांडायला माणूस पाठवला तेव्हा गेट सारांनी त्याच्यापुढे स्वतःचं रजिस्टर ठेवलं. तिघींच्या नावापुढे रोज वेळ टाकून लिहिलं होतं: गेटवर हजर. आत नाहीत, पण आल्यात, मी पाहतोय, असं त्यांनी त्या माणसाला सांगितलं आणि सही घेतली. त्याला बदली बायका आणता येईनात, कारण जागा रिकामी नव्हती.

गुरुवारी दुपारी माझ्या केबिनच्या दारात गेट सार उभे राहिले. गेट सोडून ते कार्यालयात आल्याचं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. हातात एक जाड, लांबट वही. ती माझ्यापुढे ठेवून म्हणाले, वाचा. मी उघडली. सगळी कन्नड लिपी. मला कन्नड बोलता येतं, पण वाचता बसच्या पाट्यांपुरतंच येतं. तसं सांगितल्यावर त्यांनी महेशला बोलावलं. महेश मंड्याकडचा, त्याला मराठीचा शब्द येत नाही. त्याने मध्येच एक पान उघडलं आणि अडखळत वाचायला लागला, आणि मी खुर्चीत सरळ झाले. तो मराठी वाचत होता.

"न-व्या मॅडम. चालतांना ओठ हलतेत. कामं मोजतेत. वळायच्या आधी एक पाऊल थांबतेत."

महेशने वर पाहून विचारलं, काय लिहिलंय मॅडम? मी त्याला काही तरी सांगितलं. खरं ते नाही.

गेट सारांची शाळा कन्नड आणि घर मराठी. मनातलं मराठीत येई आणि हात कन्नड अक्षरं काढी. देवनागरी त्यांना शाळेतल्या हिंदीपुरती येते, अक्षर अक्षर लावून दोन ओळींत कंटाळतात. त्यांनी ही वही तशीच लिहिली होती, सवयीने. पुढे त्यांच्या लक्षात आलं की तिला आपोआप कुलूप लागलंय: गार्डना अक्षरं वाचता येतात पण समजत नाहीत, आणि माझ्यासारख्यांना समजतं पण वाचता येत नाही. उघडायची तर दोन माणसं शेजारी शेजारी बसली पाहिजेत.

वहीत रोज येणाऱ्या प्रत्येकाची एक ओळ होती. मास्क, टोपी आणि कोट चढवल्यावर आमच्याकडे सगळी माणसं सारखी दिसतात. म्हणून चेहरा सोडून काय उरतं ते त्यांनी टिपलं होतं. अट एकच, ते त्या माणसाला स्वतःला माहीत नसावं. माहीत असलं की ते करून दाखवता येतं, दुसऱ्याला शिकवताही येतं. नकळत होतं ते कोणाला उसनं देता येत नाही. माझी ओळ माझ्यासमोर वाचली गेली म्हणून त्यांनी तिथल्या तिथे पेन घेऊन ती खोडली. "कळली की मेली. तुमची नवीन शोधायला लागते आता. गोत्तिल्ला, माहीत नाही, किती दिवस लागतेत."

मग त्यांनी नियम सांगितला. यंत्राला ज्याचं बोट कळत नाही, त्याचं कार्ड तपासायचं, आणि दोन माणसांनी ओळख द्यायची. एक गेटचा, एक आतला. दोघं एकमेकांच्या हाताखालचे नकोत. दोघांनी ओळ पाहिली म्हटलं तरच आत. मी लिहून घेतलं. अर्ध्या तासात त्याचा दीड पानी मसुदा झाला. ते मला जमतं.

प्रमुख म्हणाले, चाचणी घेऊ. शुक्रवारी दुपारी अंगणात सात बायका उभ्या केल्या, सगळ्यांना कोट, टोपी, मास्क. तायम्मा त्यांत कुठली ते फक्त सुपरवायझरला माहीत. तिची ओळ महेशने आणि मी आधीच वाचलेली, आणि ती बंद पाकिटात प्रमुखांच्या हातात. महेश आणि मी आतल्या गेटच्या पलीकडे. एकेक बाई उंबरा ओलांडून येणार आणि आम्ही सांगायचं.

सातही जणी आल्या. ज्याची आम्ही वाट पाहत होतो ते कोणीच केलं नाही. महेशने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. खोटं सांगता आलं असतं, उंचीवरून अंदाज होता. पण आम्ही दोघांनीही सांगितलं की यांत तायम्मा नाही.

सुपरवायझर म्हणाला, आहे, चौथी. तायम्माने मास्क खाली ओढला. तिच्या चेहऱ्यावर कसली तक्रार नव्हती, नुसतं संपल्यासारखं दिसत होतं. परीक्षा आहे हे माहीत असल्यामुळे ती शाळेतल्या पोरीसारखी ताठ चालत आली होती. प्रमुखांनी पाकीट न उघडताच खिशात घातलं. प्रयत्न चांगला होता, असं काही तरी ते म्हणाले. मी मनात ठेकेदाराला फोन करायचं काम नोंदवलं. बायका कोट काढायला परत अंगणात गेल्या.

गेट सार भिंतीशी उभे होते. ते म्हणाले, "इन्नू इल्ला, सार. एक मिनिट."

कोणासाठी ते म्हणाले कोणाला कळलं नाही. एवढ्यात अंगणात कोणाचं तरी पाणी सांडलं. तायम्माने सवयीने कोपऱ्यातली बादली आणि फडकं उचललं, सगळं पुसून घेतलं, आणि भरलेली बादली दोन्ही हातांनी धरून मोरीकडे जायला आतल्या गेटशी आली. उंबऱ्यापाशी ती किंचित वाकली. हात मोकळा नव्हता म्हणून तिने चौकटीला कोपर टेकलं, आणि कोपर कपाळाकडे नेऊन पुढे गेली. थांबलीसुद्धा नाही.

प्रमुखांनी पाकीट काढलं, फोडलं आणि महेशला दिलं. महेशने वाचलं, मी सांगितलं: आत जाताना चौकटीला हात लावून कपाळाला लावते, हात भरलेले असले तर कोपर. प्रमुखांनी मसुदा मागितला आणि तिथेच, भिंतीला कागद लावून, सही केली. शनिवारी तिघी आत गेल्या. तायम्माची ती ओळ सगळ्यांसमोर उघड झाली म्हणून रद्द केली, म्हणूनच ती इथे लिहिता आली. नवी ओळ मी लिहिणार नाही.

बादली तिथे कोणी ठेवली, असं मी नंतर गेट सारांना विचारलं होतं. ते म्हणाले, "रोज तिथंच असते की, मॅडम. तुमच्या यादीत नाही ती."

ते निवृत्त झाले त्याला वर्ष झालं. आता नव्या गार्डना शिकवायला प्रमुखांनी त्यांना दर शनिवारी बोलावलंय. काल त्यांचा पहिला दिवस. नवं कार्ड तयार होतं. त्यांनी यंत्रावर बोट ठेवलं आणि यंत्र म्हणालं, पुन्हा प्रयत्न करा. दहाही बोटं झाली. वर्षभर अक्कांची तांब्याची भांडी चिंच लावून घासतायत, दुसरं काय होणार. महेश कडीकडे गेला तसे ते त्याला "बेडा" म्हणाले, नको. स्वतःच स्वतःला 'इन्नू इल्ला' सांगितलं आणि बाकावर जाऊन बसले. नवे गार्ड दोघे दोघे बाहेर जाऊन त्यांच्यासमोर उभे राहिले. शिकवणी बाकावरूनच झाली. महेशने रजिस्टरमध्ये लिहिलं: गेटवर हजर.

म्हणून बैठक. ओळख महेश देणार गेटतर्फे, आणि आतल्यांतर्फे कोण, असं विचारल्यावर तायम्मा स्वतःहून पुढे आली.

मी सुरुवात केली. बिनखिशाची विजार. महेश म्हणाला, ते त्यांना माहीत आहे, आणि आता आमच्यातल्या तिघांनी तसल्याच शिवल्यात. 'अजून नाही'? सगळे म्हणतात. 'ऊट आय्ता' विचारून थांबणं? तेही सगळे करतात, महेशसकट. मी पानावर लिहीत होते आणि खोडत होते.

 मग तायम्माने जे सांगितलं ते मी मराठीत लिहिते. बाकावरच्या त्या चार दिवसांत तिला गेट सारांकडे बघण्याशिवाय काम नव्हतं. ते 'इन्नू इल्ला' म्हणायचे तेव्हा त्यांचा डावा हात फाटकाच्या कडीवर असायचा. दाबून धरलेला नसायचा. अंगठा कडीच्या खाली, उचलायच्या बाजूला. सोमवारी ते तिला पहिल्यांदा दिसलं. म्हणून ती मंगळवारी परत आली.

मी लिहून घेतलं. हे त्यांना नक्की माहीत नसणार. मला वाटलं, मिळाली ओळ.  महेश उठून खिडकीशी गेला आणि त्याने मला बोलावलं.

फाटकाशी सगळ्यात नवा गार्ड उभा होता, लागून तीन महिने झालेला. गेट सारांना त्याने त्याच सकाळी पहिल्यांदा पाहिलं होतं. त्याला महेशने शिकवलं. कुरिअरचा माणूस कागद पुढे करून काही सांगत होता आणि गार्ड मान हलवत होता. त्याचा डावा हात कडीवर होता. अंगठा खाली.

"मीपण तसंच उभा राहतो, मॅडम," महेश म्हणाला. "आत्ता कळलं."

ती ओळही खोडावी लागली. आता त्या गेटवर पाच माणसं तशी उभी राहतात. ओळख म्हणून ती कोणालाच लागू पडत नाही.

साडेपाचला मी बाहेर पडले. गेट सार वर्तमानपत्राची घडी घालत होते. डबा घासूनपुसून पिशवीत, पिशवी मांडीवर. आय्ता, मॅडम, असं त्यांनी विचारलं, झालं का. मी सांगितलं, अजून नाही. त्यांना बरं वाटल्यासारखं दिसलं.

"सरी. घाई बेडा. पुढच्या शनिवारी येतो." मग माझ्याकडे नीट पाहून म्हणाले, "अक्का लिंबाचं चित्रान्न देते म्हणाली. बाकावर दोघं बसतेत, अल्वा?"

रविवार, शिल्लक कामं:
बाकावर सावली नाही, पत्रा टाकून घेणे.
महेश आणि तायम्माला पुढच्या शनिवारी सकाळपासून बाकासमोर बसून बघायला मोकळं ठेवणे.
गेट सारांची ओळ. अजून नाही.